पोरगा खरा कुठला समजायचा, कंपनीतला का तालमीतला?

गंगावेसकर

नमस्कार मंडळी, लई दिवसांनी लिहायलोय, जरा लांबेल.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कोअर शॉपला सुपरवायझर आहे. कोअर म्हणजे ओतीव वस्तूत आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, बावीस-तेवीसचा. त्याचं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलंय आणि शनिवारपर्यंत कन्फर्मेशनचा फॉर्म मला भरून एचआरला द्यायचाय. त्यात एक रकाना आहे, "स्वभाव व वर्तणूक". गेल्या आठवड्यात हा दोनदा उशिरा आला, एकदा तर चाळीस मिनिटं. आमची पहिली पाळी सातची, साच्यात कोअर बसवल्याशिवाय पुढं बॉक्स बंद करता येत नाही, म्हणजे हा नसला की मागची सगळी माणसं हात बांधून उभी. का उशीर म्हणून विचारलं तर मान खाली घालून गप्प. मला राग आला आणि मी त्या रकान्यात पेन्सिलीनं "बेजबाबदार" लिहून ठेवलं, शनिवारी पेनानं पक्कं करायचं म्हणून.

आता पुढचं ऐका. सुट्टीच्या दिवशी पहाटे पुतण्याला घेऊन तालमीत गेलो, त्याला कुस्तीचा नाद लागलाय. साडेचारच वाजले असतील. आत जाऊन बघतोय तर हाच पोरगा एकटा कुस्तीच्या मातीचा हौदा उकरत होता, खोरं घेऊन घामानं निथळलेला. वस्तादांना विचारलं तर म्हणाले तीन वर्षं झाली, एक दिवस चुकवलेला नाही, हौदा उकरायचं काम त्यानंच अंगावर घेतलंय, मातीत ताक हळद लिंबू तेल किती घालायचं तेही तोच बघतो, आणि बारकी पोरं बैठका चुकवतात म्हणून समोर उभा राहून मोजतो. वस्ताद म्हणाले, "एवढा जबाबदार पोरगा तालमीत दुसरा न्हाई."

तोच शब्द! मी "बेजबाबदार" लिहिलंय आणि वस्ताद "जबाबदार" म्हणतायत, माणूस एकच. दोन दिवस झाले डोक्यातनं जाईना. ह्यातला खरा कुठला? का स्वभाव बिभाव काही नसतोच, जागा बदलली की माणूस बदलतो?

उद्यमनगरचा_लेथ

गंगावेसकर, सरळ बोलतो, राग मानू नका. तालमीत आवडीचं काम आहे म्हणून वेळेवर, कंपनीत पगाराचं आहे म्हणून उशीर. आवडीच्या ठिकाणी कुणीपण जबाबदार असतंय. जिथं आवड नाही तिथं माणूस कसा वागतो तो त्याचा स्वभाव. वीस वर्षं वर्कशॉप चालवतोय, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे शंभर टक्के पटलंय.

शाहूपुरीची_काकी

अरे पण विचारलंस का त्याला एकट्याला बाजूला घेऊन? चार माणसांत विचारलं की पोरं गप्पच बसतात. माझा धाकटा असाच आहे.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

आमच्या कंपनीत ती चार अक्षरांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतात, अंतर्मुख बहिर्मुख वगैरे, त्यावरून लगेच कळतं कोण कसा. तुमच्या एचआरला सांगा की, अंदाज करत बसायची गरजच नाही.

मास्तरीण_मंगळवारपेठ

मी ज्युनियर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते, आणि गंगावेसकरांनी विचारलेला प्रश्न म्हणजे आमच्या विषयातलं जुनं मोठं भांडण आहे, त्यामुळं गप्प बसवेना.

आधी त्या चार अक्षरांबद्दल. ती चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स ह्यांनी तयार केली, युंग ह्या मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकातल्या कल्पनांवरून. तिची अडचण अशी की ती माणसाला ह्या खोलीत नाहीतर त्या खोलीत कोंबते, आणि बहुतेक माणसं तर उंबऱ्यावर उभी असतात. थोडी इकडं थोडी तिकडं. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी परत दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. त्यावर कुणाची नोकरी ठरवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

संशोधनात आता जास्त वापरतात ती पाच गुणांची मांडणी. नव्याची ओढ, शिस्तशीरपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि मनाची अस्वस्थता. तिची सुरुवात शब्दकोशातनं झाली हे मला लई आवडतं. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट ह्या दोघांनी इंग्रजीचा मोठा शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द काढले. पुढं कितीतरी वर्षं अनेकांनी ते गाळत, एकत्र करत आणले आणि शेवटी पाच मोठे ढीग उरले. आपल्याकडं नुसत्या कोल्हापुरात असले शब्द मोजायला बसलं तर किती निघतील, रांगडा, इरसाल, आतल्या गाठीचा, उंडगा, मनकवडा, चेंगट, अघळपघळ. म्हणजे लोकांनी रोजच्या वागण्यात जे फरक बघितले त्यांना नावं दिली, आणि शास्त्र त्या नावांवरून वर आलं.

आता तुमचा प्रश्न. १९२८ मध्ये हार्टशॉर्न आणि मे ह्यांनी हजारो शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत टाकून बघितलं, कोण फसवतंय, कोण खोटं बोलतंय. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं पोर दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक राहीलच असं काही निघालं नाही. मग १९६८ ला वॉल्टर मिशेलनं असे बरेच अभ्यास गोळा करून दाखवलं की स्वभावाच्या चाचणीवरनं एखाद्या ठराविक प्रसंगातलं वागणं सांगायला जाल तर संबंध ०.३० च्या आसपासच अडकतो (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे अगदी पक्का). मोठा हल्लकल्लोळ झाला, काही जण म्हणायला लागले स्वभाव नावाची गोष्टच नाही.

पण १९७९ मध्ये एपस्टाइन नावाच्या संशोधकानं वेगळं बोट ठेवलं. तो म्हणाला तुम्ही एकेक दिवस धरून बघताय म्हणून काही दिसत नाही, पुष्कळ दिवसांची सरासरी काढा. तशी काढली तर तोच माणूस पुन्हापुन्हा तसाच दिसायला लागला. मी वर्गात गगनबावड्याचं सांगते. जुलैत एखाद्या दिवशी तिथं कडक ऊन पडलं म्हणून गगनबावडा कोरडा भाग झाला काय? आणि शिरोळकडं एक दिवस मुसळधार झाली म्हणून तो घाटमाथा झाला काय? स्वभाव म्हणजे अख्ख्या पावसाळ्याचा आकडा, एका दिवसाचा न्हवे.

गंगावेसकर, तुमच्याकडं दोन दिवस आहेत. वस्तादांकडं तीन वर्षं आहेत.

गंगावेसकर

ताई, शेवटची ओळ वाचून गप्पच झालो.

उद्यमनगरचा_लेथ

मास्तरीणबाई, मान्य, पण वस्तादांची तीन वर्षं तालमीतली आहेत, कंपनीतली नाहीत. गंगावेसकरांना कंपनीत माणूस पाहिजे. वितळलेलं लोखंड तेराशे-चौदाशे डिग्रीचं असतंय, तिथं निष्काळजी माणूस ठेवला तर दुसऱ्याचा पाय जातो. दया म्हणून कन्फर्म करायचं आणि उद्या काही झालं तर? स्वभाव बघायचाच नाही असं म्हणत असाल तर मला पटत नाही.

मास्तरीण_मंगळवारपेठ

नाही नाही, बघायचाच नाही असं मी म्हणतच नाही, उलट तुमचं म्हणणं अभ्यासातनं पण निघतं. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट ह्यांनी कितीतरी अभ्यास एकत्र करून बघितलं, पाच गुणांपैकी शिस्तशीरपणा हा एकच असा निघाला की जो जवळजवळ सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडतो. आणि कॅलिफोर्नियात १९२१ पासून साधारण पंधराशे मुलांचा माग ठेवला होता, त्यातली जी लहानपणी शिस्तशीर आणि भरवशाची होती ती सरासरीनं जास्त जगली. म्हणजे गुण खरा आहे आणि जपण्यासारखा आहे. म्हणूनच तर तो नीट मोजा म्हणते.

रंकाळा_सांजवेळ

मला ह्यात २०१९ चा पूर आठवला. आम्ही तेव्हा कुंभार गल्लीच्या अंगाला भाड्यानं राहायचो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, आणि त्या ऑगस्टला पाणी त्याच्या वर दहा-बारा फूट चढलेलं. आमच्या शेजारी एक गृहस्थ होते, नळाच्या पाण्यावरनं रोज भांडण, गाडी त्यांच्या दारासमोर लावली की हवा सोडणार. पाणी आलं त्या रात्री त्यांनी वरच्या मजल्याचं दार उघडलं आणि सात घरांतली माणसं चार दिवस तिथं राहिली. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास, तिला त्यांनी स्वतःचा पलंग दिला आणि स्वतः जिन्यात झोपले. आम्ही सगळे म्हणायला लागलो की किती चुकीचं ओळखलं ह्या माणसाला.

पूर ओसरला, चिखल काढून झाला, महिन्याभरात परत नळावर भांडण सुरू. अगदी तसंच. मला ह्याचा उलगडा कधी झाला नाही. आईला मात्र त्यांचा राग पुन्हा कधी आला नाही, ते भांडायला लागले की ही चहा टाकायची.

मास्तरीण_मंगळवारपेठ

तुमच्या आईंना नमस्कार सांगा माझा.

उलगडा थोडा सांगता येतो. काही प्रसंग इतके जोरकस असतात की तिथं सगळ्यांचं वागणं एकाच साच्यात येतं. अंबाबाईच्या दर्शनाची रांग बघा, तिथं लाजाळू माणूस आणि गावगप्पा मारणारा माणूस दोघंही एकेक पाऊल पुढं सरकतात, काही फरक दिसत नाही. तीच दोघं संध्याकाळी रंकाळ्यावर सोडा, एक भेळेच्या गाडीपाशी दहा जणांशी बोलेल आणि दुसरा पाण्याकडं बघत एकटा बसेल. जिथं कुणी नियम घालून देत नाही तिथं स्वभाव मोकळा सुटतो. पूर हा रांगेसारखा प्रसंग होता, नळ हा रंकाळ्यासारखा. गृहस्थ तेच.

कोथरूडात_कोल्हापूर

मी बारा वर्षं पुण्यात आहे पण हे वाचून लिहावंसंच वाटलं. मी ऑफिसात "मी जाते" म्हणते. कोल्हापूरला घरी फोन लावला की पहिल्या वाक्यापासून "मी जातो, मी करतो, आलो की सांगतो". माझ्या कलीगनं एकदा ऐकलं आणि म्हणाली तू तर एकदम वेगळीच व्यक्ती झालीस, आवाज पण मोठा झाला, हसणं पण वेगळं. मला त्यात काही नाटक वाटत नाही, दोन्ही मीच आहे. ऑफिसात मीटिंगला मी कमी बोलते म्हणून रिव्ह्यूमध्ये "कॉन्फिडन्स कमी" असं एकदा लिहून आलं होतं, आणि आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत सगळी वर्गणी मी गोळा करते. त्या दोन शब्दांनी मला वर्षभर छळलं, खरंच सांगते. म्हणून गंगावेसकर दादा, तो रकाना भरताना जरा थांबा.

मास्तरीण_मंगळवारपेठ

कोथरूड, ह्यावर फ्लीसन नावाच्या संशोधकानं २००१ मध्ये फार छान काम मांडलंय. त्यानं विद्यार्थ्यांकडं छोटी यंत्रं दिली आणि दोन-तीन आठवडे दिवसातनं अनेकदा विचारलं, आत्ता गेल्या तासाभरात तू किती बोलका होतास, किती नीटनेटका होतास. तर निघालं काय, प्रत्येकजण दिवसाभरात जवळपास सगळ्या पट्ट्यांवर फिरून येतो. बुजरा मुलगा काही तास अगदी बडबड्या असतो, बडबड्या काही तास गप्प. पण प्रत्येकाचा मध्य मात्र ठरलेला, ह्या आठवड्यात जिथं होता पुढच्या आठवड्यातही तिथंच. म्हणजे "ती अबोल आहे" ह्याचा अर्थ ती बोलत नाही असा नाहीच, तिचा काटा जास्त वेळ त्या बाजूला असतो एवढाच.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

हे भारी आहे. टेस्टबद्दल मी घाईनं बोललो, आमच्यात एकाला त्या अक्षरांवरून सेल्समधून काढून बॅक ऑफिसला टाकलेलं, आता वाटतंय त्याला कुणी नीट विचारलंपण नाही.

निपाणीकर_पाव्हणा

घाईवरून आठवलं, एक प्रयोग मी कुठंतरी वाचलेला, पाद्री होण्याचं शिक्षण घेणाऱ्या पोरांचा, रस्त्यात पडलेल्या माणसाला मदत करतात का ते बघायचं. ताई तुम्हाला माहीत असेल तर सांगा ना.

मास्तरीण_मंगळवारपेठ

हो, डार्ली आणि बॅटसन, १९७३, प्रिन्स्टन. चाळीस विद्यार्थी, त्यातल्या काहींना तर परोपकारी माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत जायचं होतं. वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत पडलेला, मुद्दाम बसवलेला. ज्यांना सांगितलेलं वेळ आहे सावकाश जा, त्यातल्या ६३ टक्के पोरांनी काही ना काही मदत केली. ज्यांना उशीर झालाय पळा असं सांगितलं त्यातल्या १० टक्क्यांनीच. धर्माकडं कोण कसा बघतो ह्यावरून कोण थांबेल ते काही सांगता आलं नाही, घाई आहे का नाही ह्यावरून सांगता आलं. मला हा प्रयोग शिकवताना दर वर्षी गलबलून येतं, कारण पुढं गेलेली पोरं वाईट नव्हती.

आणि आणखी एक, हा आपल्या जवळचा. १९८४ मध्ये जोन मिलर ह्यांनी अमेरिकेतल्या आणि आपल्या म्हैसूरच्या लोकांना रोजच्या वागण्याची कारणं विचारली. त्यात एक प्रसंग होता, एक वकील मोटरसायकलवरून जाताना अपघात झाला, मागं बसलेला जखमी झाला, वकिलानं त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तसाच कोर्टात निघून गेला. अमेरिकेतली मोठी माणसं जास्त करून स्वभावावर बोट ठेवायची, बेजबाबदारच आहे म्हणून. म्हैसूरची मोठी माणसं म्हणायची अहो त्याची तारीख होती, अशिलाचं काय झालं असतं, मागच्याला किती लागलंय ते त्याला कळलं नसेल. लहान मुलांत दोन्हीकडं फारसा फरक नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. गंगावेसकर, शब्द बघा, बेजबाबदार.

शाहूपुरीची_काकी

आमची सासू असंच करायची. कुणी वाईट वागलं की आधी विचारायची जेवला होता का तो.

पण मला एक सांगा, माझा थोरला अठ्ठावीसचा, खोलीत पाय ठेवायला जागा नसते, टॉवेल कॉटवर, चार्जर पायात. हा कधी सुधारायचा? स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं काय?

मास्तरीण_मंगळवारपेठ

काकी, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतनं दिसतं की माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग जन्मानं येतो. पण म्हणजे पोराचा निम्मा स्वभाव कुलूपबंद असं न्हवे. खूप माणसांना वर्षानुवर्षं बघितलं तर विशी-तिशी-चाळिशीत सरासरीनं शिस्तशीरपणा वाढत जातो, कामाची आणि घराची जबाबदारी अंगावर पडली की. खोलीवरून अंदाज बांधायची तुमची सवय मात्र बरोबर आहे, २००२ मध्ये गॉस्लिंगनं अनोळखी लोकांना नुसत्या खोल्या दाखवल्या होत्या, खोलीवरनं त्यांना शिस्तशीरपणा आणि नव्याची ओढ बऱ्यापैकी ओळखता आली. जुळवून घेणारा आहे का, प्रेमळ आहे का, हे तेवढं ओळखता येत नाही. त्याचा टॉवेल बघून त्याच्या मनाचं काही ठरवू नका.

शाहूपुरीची_काकी

मनानं सोन्यासारखा आहे गं. आज सकाळी न सांगता माझी औषधं आणून ठेवली.

गंगावेसकर

मंडळी, आज शुक्रवार, सांगायला आलोय.

बुधवारी मी टाइम ऑफिसला जाऊन सहा महिन्यांचं पंचिंग काढून घेतलं. एकेक ओळ बघितली. एकूण अकरा वेळा उशीर. त्यातले दोन जुलैत, पुराचं पाणी चढलं होतं तेव्हा, आणि त्या दिवशी निम्मी पाळी उशिरा होती, मी स्वतःसुद्धा. बाकीचे नऊ गेल्या पाच आठवड्यांतले. आणि सगळे मंगळवार नाहीतर शुक्रवार. एकपण दुसरा वार नाही. त्याच्या आधी साडेचार महिने, पुराचे ते दोन दिवस सोडले तर, हा पोरगा रोज पावणेसातच्या आत गेटमध्ये. मी रोज त्याच्यासमोर उभा असायचो, माझ्या ध्यानात फक्त गेल्या आठवड्याचे दोन दिवस राहिले.

काल जेवणाच्या सुट्टीत काकींनी सांगितलं तसं एकट्याला बाजूला घेतलं. दहा मिनिटं काही बोलेना. मग बोलला. आजीचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातनं दोनदा, सकाळी पहिल्या नंबरला. घरात दुसरं कुणी नाही, हा तालमीतनं सहाला येतो, तिला रिक्षानं नेतो, आत घेतलं की तिथनं शिरोलीला पळतो. सांगितलं का नाहीस म्हटलं तर म्हणाला, "साहेब, प्रोबेशनमध्ये घरची अडचण सांगितली की काढत्यात म्हणून ऐकलं होतं." तालीम सोडली असतीस तर लवकर निघाला असतास असं तोंडात आलं होतं, पण बोललो नाही, नंबरच साडेसहाचा असतो.

लेथवाले दादा, तुमचं पण डोक्यात होतं, म्हणून त्याचं बाकीचं कामही तपासलं. त्याच्या हातचे कोअर रिजेक्ट जास्त जात नाहीत, भट्टीच्या बाजूला काम पडलं तर गॉगल-हातमोजे न सांगता घालतो. पण कोअर बॉक्सचं रजिस्टर! तारखा नाहीत, सही नाही, दोन पानं कोरी. तालमीत मातीचं प्रमाण तोंडपाठ आणि इथं चार आकडे लिहिणार नाही. म्हणजे ताई, जबाबदारी एक आणि टापटीप दुसरी, दोन्ही एका शब्दात बसत नाहीत असंच ना?

मास्तरीण_मंगळवारपेठ

अगदी असंच. शिस्तशीरपणा म्हणतो आम्ही पण त्याच्या पोटात कर्तव्य वेगळं, नेटकेपणा वेगळा, जिद्द वेगळी. एकात वर असलेला माणूस दुसऱ्यात खाली असू शकतो.

उद्यमनगरचा_लेथ

गंगावेसकर, हातमोज्यांचं बघितलंत ते बरं केलंत. आणि मी पहिल्या दिवशी जे बोललो ते मागं घेतो, पोरगं आवडीच्या ठिकाणी वेळेवर आणि पगाराच्या ठिकाणी उशिरा असं नव्हतं. माझ्याकडं दोन वर्षांपूर्वी एक पोरगा असाच सोमवारी यायचा नाही, मी काढून टाकला. कारण विचारलं नव्हतं. आता तो कुठं आहे माहीत नाही.

गंगावेसकर

फॉर्म आजच दिला. मंगळवार-शुक्रवार त्याला दुसरी पाळी लावलीय, दुसऱ्या पाळीचा एक जण आनंदानं बदलायला तयार झाला. रकान्यात लिहिलं, "सहा महिन्यांत मंगळवार-शुक्रवार सोडून उशीर दोनदा, तोही पुरामुळं. मंगळवार-शुक्रवारच्या उशिराचं कारण घरचं आजारपण, पाळी बदलून दिली आहे. सुरक्षेचे नियम पाळतो. रजिस्टर भरत नाही, शिकवणार आहे." एचआरच्या मॅडमचा फोन आला, म्हणाल्या सर रकान्यात एका शब्दात लिहायचं असतं, चांगला, समाधानकारक असं. मी म्हटलं मॅडम एका शब्दात बसत नाही, जागा कमी पडत असेल तर मागं पान जोडा. थोडा वेळ गप्प होत्या, मग जोडते म्हणाल्या.

शाहूपुरीची_काकी

लई चांगलं केलंस बाळा. आजींना आता कसं आहे? आणि मंगळवारी सकाळी त्यांना आत घेतल्यावर तिथं बसायला कोण असतं? दवाखाना शाहूपुरीच्या बाजूला असला तर माझं घर जवळच पडेल, मला वेळ असतो, विचारून बघ त्याला.